व्हेंच्युरी सक्शन: सात महिने वापरून झाले, खरं काय ते लिहितो

मे महिन्यात बसवला. अंबडला आपलं छोटं पिकलिंगचं, म्हणजे धातूवरचा गंज ॲसिडमध्ये बुडवून काढायचं काम आहे, टाकीला झाकण आणि झाकणातून पीव्हीसी पाइपने ॲसिडच्या वाफा बाहेर. आधी पत्र्याचा ब्लोअर होता, एचसीएलच्या (हायड्रोक्लोरिक ॲसिड) वाफांनी दोन पंखे खाल्ले, दुसऱ्याची पाती तर हात लावला की चुरा. म्हटलं फिरणारं काही नकोच, कॉम्प्रेसरच्या हवेवर व्हेंच्युरी करू. घरातल्या शेगडीतही तेच असतं की, जेटमधून गॅस जोरात सुटतो आणि बाजूची हवा स्वतःच ओढून घेतो.

पहिला तुकडा साफ फसला. दीड एमएमचं नोझल, पुढे आठ एमएमचा घसा (जेट ज्या अरुंद नळीतून जातो ती), कारण मला सक्शन जबरदस्त पाहिजे होतं. पाइप बंद करून बघितलं तर गेज मस्त खाली, मी खूश, आणि टाकीला लावलं तर वाफ जागची हलेना 😅 अरुंद घशातून ओढ जास्त येते पण माल कमी जातो, हे डोक्यात शिरायला दोन रविवार गेले. मग टर्नरकडून पीपी प्लास्टिकच्या रॉडमध्ये घसा वीस एमएमचा करून घेतला, सरळ भाग त्याच्या साताठ पट लांब आणि पुढे हळूहळू रुंद होणारा कोन, साधारण सात अंश. कोन जास्त उघडला की हवा भिंत सोडते आणि मेहनत वाया.

पारदर्शक लेव्हल पाइपचा यू करून रंगीत पाणी भरलं आणि मोजलं, पाइप बंद ठेवून चार बार हवेच्या दाबाला दोन्ही बाजूंच्या पाण्यात दोनशे एमएमचा फरक. पुरतं.

मग मी शहाणपणा केला. वाफा धुवायला आउटलेटचा पाइप कॉस्टिक सोड्याच्या पाण्याच्या ड्रममध्ये फूटभर बुडवला. फूटभर म्हणजे तीनशे एमएमचा उलटा दाब, आणि आपली ओढ दोनशेची! सगळी हवा उलटी टाकीत आणि झाकणाच्या फटीतून वाफ थेट तोंडावर, पोरं खोकत बाहेर पळाली. आता पाइप पाण्याच्या वर सोडलाय आणि वरून कॉस्टिकचा शॉवर.

तोटा एकच पण मोठा, हवा. दीड एमएमला चार-पाच बारवर मिनिटाला शंभर-सव्वाशे लिटर, आमचा दोन एचपीचा कॉम्प्रेसर बंदच होईना. आता पायाने दाबायचा फूट व्हॉल्व्ह लावलाय, झाकण उघडताना फक्त चालू. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत साचलेलं पाणी रोज सोडावं लागायचं नाहीतर नोझल थुंकायचं. नोझलच्या पितळी टोकावर हिरवा थर येतो, महिन्याला पुसायचा.

गावाकडचा मित्र म्हणाला गोबरगॅसच्या लाइनला लावू का, गॅस लांब पोचत नाही. अजिबात नको म्हटलं, मिथेनमध्ये हवा मिसळून पाच ते पंधरा टक्क्यांत आला की ठिणगीला भडकतो.

आवाज मात्र कमी झालेला नाही. फूट व्हॉल्व्ह दाबला की शेजारच्या शेडमधले काका ओरडतात, "शिट्टी झाली, कुकर उतरवा!"