मॉडफ्लो ६: पाण्याचा हिशोब चोख, युरेनियमचा अर्धवट

भूजलाचा प्रवाह गणिताने मांडणारं अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि त्याचा कोडही खुला आहे. सहावी आवृत्ती २०१७ साली आली. पुढे तिला प्रदूषक कसे वाहत जातात ते मोजणारा जीडब्ल्यूटी हा भाग जोडला गेला. बंद अणुभट्टीखालचं दूषित पाणी नदीला कधी भिडेल हे काढायचं तर हे चालेल का? कस लावायला वॉशिंग्टन राज्यातलं हॅनफर्ड चांगलं. कोलंबिया नदीकाठी प्लुटोनियमसाठी उभारलेल्या नऊ अणुभट्ट्या, आता सगळ्या बंद. वर खडी-वाळूचे थर आणि खाली, आपल्या दख्खनसारखाच, लाव्हाचा बेसॉल्ट.

प्रवाहाच्या गणिताला पैकीच्या पैकी गुण. डिसव्ही या प्रकारच्या ग्रिडमध्ये (जाळीत) नदीलगत बारीक आणि लांब गेल्यावर मोठे सेल, म्हणजे हिशोबासाठी पाडलेले जमिनीचे तुकडे, ठेवता येतात. न्यूटन हा गणित सोडवण्याचा पर्याय चालू केला की कोरडे पडलेले सेल पुन्हा भिजताना रन (मॉडेलची फेरी) सहसा कोलमडत नाही. हॅनफर्डला याची गरज पदोपदी लागते, कारण वरच्या अंगाच्या प्रीस्ट रॅपिड्स धरणातून वीजनिर्मितीसाठी पाणी सुटतं आणि नदीची पातळी एका दिवसातच वरखाली होते. ती पातळी टाइम सिरीज फाइलमधून तासातासाने देता येते. महिन्याची सरासरी टाकून मोकळे झालात तर काठात शिरून परत फिरणारं पाणी मॉडेलला दिसतच नाही.

आता स्ट्रॉन्शियम-९० हे किरणोत्सारी द्रव्य. नवांपैकी एन अणुभट्टीचं (१९६३ ते १९८७) सांडपाणी नदीजवळच्या चरांमध्ये सोडलं जाई, तिथून ते जमिनीत मुरलं. अर्धायुष्य २८.८ वर्षं, म्हणजे क्षयाचा दर दिवसाला ०.००००६५९. क्षय आणि चिकटणं मांडणाऱ्या एमएसटी पॅकेजमध्ये तो दोनदा लिहायचा: एकदा पाण्यातल्या भागासाठी, एकदा मातीला चिकटलेल्या भागासाठी. दुसऱ्या जागी शून्य टाकलं तर चिकटलेलं स्ट्रॉन्शियम अमर होतं, आणि बहुतेक साठा तर तिथेच असतो.

एककांचा घोळ याहून वाईट. केडी (माती प्रदूषक किती धरून ठेवते त्याचं माप) १५ मिलिलिटर प्रति ग्रॅम, मातीची घनता १.८ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, सच्छिद्रता ०.३ धरली तर मंदन गुणांक ९१ येतो, म्हणजे पाण्याच्या ९१ पट संथ चाल. मीटर-किलोमध्ये काम करताना घनता १८०० होते, तेव्हा केडी ०.०१५ व्हायला हवा. घाईत १५ च राहिला तर गुणांक ९०,००१! प्रोग्राम चकार शब्द काढत नाही, प्रदूषण जागचं हलत नाही आणि अहवाल छान दिसतो. तसं ९१ हाही लहान आकडा नव्हे. एन भागात १९९५ ते २००६ पाणी उपसून गाळण्याचा प्रयत्न का फसला, ते त्यावरूनच कळतं. पुढे तिथे जमिनीतच ॲपेटाइट या स्ट्रॉन्शियम पकडणाऱ्या खनिजाची आडभिंत तयार करावी लागली.

पाण्याबरोबर प्रदूषक वाहून नेण्याचं गणित एडीव्ही पॅकेज करतं; त्याची मूळ सेटिंग अपस्ट्रीम ही पद्धत असते. ती बदला. सेल ५० मीटरचा असेल तर ती साधारण २५ मीटरचं खोटं पसरण गणितात घुसवते. खरी डिस्पर्सिव्हिटी (जमिनीतल्या पसरण्याचं माप) ५ मीटर असली तर ती पार बुडून जाते. त्याऐवजी टीव्हीडी ही पद्धत घ्या, सेल बारीक करा आणि एका टाइम स्टेपमध्ये पाणी एका सेलपलीकडे जाणार नाही एवढी स्टेप लहान ठेवा. रनला वेळ लागेल, लागू दे.

खरी परीक्षा हॅनफर्डच्याच ३०० एरिया या भागाची. इथे अणुइंधन बनवलं जाई. युरेनियम तीन ते दहा वर्षांत आपोआप पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेखाली जाईल, असा अंदाज धरून १९९६ साली नुसत्या निरीक्षणाचा निर्णय झाला. त्यामागे एकाच स्थिर केडीचं साधं गणित होतं. युरेनियम हटलं नाही. नदी चढली की भूजल वर सरकून कोरड्या थरातला जुना साठा भिजवतं आणि उतरताना तो खाली ओढतं. शिवाय मातीची पकड पाण्यातल्या कार्बोनेटवर अवलंबून असते: भूजलात ते जास्त म्हणून पकड ढिली, नदीच्या पाण्यात कमी म्हणून घट्ट.

यातलं मॉडफ्लो ६ ला किती जमतं? हळूहळू सुटणारा साठा आयएसटी पॅकेजने बऱ्यापैकी उतरतो, आणि वेगवेगळ्या गतींसाठी अशी अनेक पॅकेजेस लावता येतात. कार्बोनेटप्रमाणे बदलणारी पकड मात्र त्याच्या अंगात नाही. कोरड्या थरासाठीचं यूझेडएफ पाणी फक्त गुरुत्वाने सरळ खाली नेतं. केशाकर्षण नाही, बाजूला पसरणं नाही. म्हणून हॅनफर्डमध्ये त्या थरासाठी स्टॉम्प हे दुसरं सॉफ्टवेअर वापरतात. क्षयमालेची (एकाच्या क्षयातून दुसरं द्रव्य बनण्याची) सोयही नाही, कारण एका जीडब्ल्यूटी मॉडेलमध्ये एकच प्रदूषक बसतो. प्लुटोनियम-२४१ पासून अमेरिशियम-२४१ बनताना दाखवायचं असेल तर दुसरं दार ठोठवा.

ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) आणि स्ट्रॉन्शियमसाठी मॉडफ्लो ६ बिनधास्त घ्या, सोबत मॉडेल बांधायला पायथनचं फ्लोपाय. युरेनियमसाठी रासायनिक अभिक्रियाही मोजणारं पीफ्लोट्रान. तेही फुकटच, पण शिकायला जड, आणि मोठ्या ग्रिडला घरचा लॅपटॉप पुरत नाही.