पोर्चच्या कोब्यावर इपॉक्सी: अठरा महिने, दोन पावसाळे

जागा पुण्यातली, २०० चौरस फूट, तीन बाजूंनी भिंत आणि पुढे जाळीचं फाटक. रोज एक हॅचबॅक, दोन स्कूटर. घोटलेल्या कोब्यावर प्रायमर, सॉल्व्हंट नसलेल्या राखाडी इपॉक्सीचे (रेझिन आणि हार्डनर असे दोन भाग कालवून लावायचा रंग) दोन हात आणि वर पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, एक.

बहुतेक भाग अजून घट्ट धरून आहे. इंजिन ऑइल फडक्याने निघतं. ब्रेक ऑइल मात्र सांडल्या सांडल्या पुसावं, रंग मऊ पाडतं. चाकं थांबतात तिथे तपकिरी ठसे आलेत. टायरमधली तेलं रंगात उतरतात, ते डाग धुऊन जात नाहीत. म्हणून पांढरा किंवा फिकट पिवळा रंग घेऊच नये. फाटकाजवळच्या फूटभर पट्टीवर पीयू पोचला नव्हता. तिथे उन्हाने इपॉक्सी पिवळं पडलंय, हात फिरवला की भुकटी येते. ऊन लागणार असेल तर पीयूचे पैसे वाचवू नका, आणि तो अ‍ॅलिफॅटिकच (उन्हात पिवळा न पडणारा प्रकार) हवा.

खरं काम डबा उघडायच्या आधीचं. घोटलेल्या कोब्यावर सिमेंटची साय, म्हणजे पातळ कमकुवत थर, असते. रंग तिला चिकटतो आणि गरम टायर तिच्यासकट पोपडा उचलतो. अ‍ॅसिडने धुण्यापेक्षा डायमंड कप लावलेला ग्रायंडर बरा. हाताला बारीक सँडपेपरसारखं लागेपर्यंत घासायचं, मग व्हॅक्यूम. नवा कोबा किमान २८ दिवसांचा हवा.

माल: प्रायमर अडीच किलो, इपॉक्सी सुमारे ८ किलो (दोन हात मिळून ३०० मायक्रॉन), पीयू २ लिटर. रेझिन-हार्डनरचं प्रमाण वजनकाट्यावर घ्या, अंदाजपंचे नको. हार्डनर कमी पडला तर तो भाग चिकटच राहतो. कालवलेला माल बादलीत ठेवला की तापतो आणि वीसेक मिनिटांत गोठायला लागतो, म्हणून लगेच जमिनीवर ओतून रोलरने पसरायचा. दुसऱ्या हातावर क्वार्ट्झ वाळू भुरभुरली नाही तर पावसाळ्यात पाय घसरणार. हिवाळ्यात सकाळी दहानंतरच सुरुवात करा, दवाने ओल्या कोब्यावर काहीच टिकत नाही. चालायला २४ तास, गाडीला सात दिवस.

फसलेला भाग एकच, बागेकडचा कोपरा. पहिल्याच जुलैत तिथे रुपयाएवढे फुगे आले, टोचले तर आत पाणी. दीड फुटी प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवून ओल तपासली होती, पण पोर्चच्या मधोमध आणि तीही मे महिन्यात. मे महिन्यात सगळंच कोरडं दिसतं! ही चाचणी पाऊस संपता संपता, मातीला लागून असलेल्या कडेला घ्यावी. प्लास्टिकखाली थेंब दिसले तर इपॉक्सीचा नाद सोडून लिथियम सिलिकेटचं हार्डनर (इपॉक्सीतलं नव्हे, कोब्यात मुरून तो कडक करणारं द्रावण) मारावं. त्याला चकाकी नसते, पण ओल बाहेर जायला वाट राहते.

कोपऱ्यातला रंग खरवडून काढलाय. बागेकडच्या भिंतीचं वॉटरप्रूफिंग होईपर्यंत तिथे उघडा कोबाच आहे.