लाल रंगाखाली जुनीच स्प्रिंग

पिकअपचं पुढचं सस्पेन्शन घरी बदलायचा विचार करणाऱ्या सगळ्यांना कळकळीने सांगतो, ‘तयार असेंब्ली’ म्हणून स्प्रिंग आणि शॉकअप जोडून मिळणारा माल उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. माझे 28,000 रुपये गेले. पैसे गेले ते गेले, पण तसलाच माल लावून कुणी बायकापोरांना घेऊन घाट उतरत असेल, या विचाराने जीव खालीवर होतो.

माझी गाडी इसुझू डी-मॅक्स. पुढे डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग, म्हणजे वेढ्यांची, मागे पाट्यांची स्प्रिंग. अंबड तालुक्यातल्या शेतातून जालन्याच्या मार्केटला मोसंबी न्यायची तर आधी काळ्या मातीतला रस्ता पार करावा लागतो. पाऊस उघडला की त्यात अशा चाकोऱ्या पडतात की गाडीचं तोंड खाली टेकतं. म्हणून पुढची बाजू थोडी उंच आणि कडक करायची होती. पुतण्या आयटीआय झालेला, हत्यारं घरात, त्यामुळे बसवणी घरीच करायची ठरली.

व्हिडिओ पाहून संभाजीनगरच्या एका दुकानदाराशी बोलणं झालं. तक्रार चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही. “दादा, वाळूजच्या कंपनीतला एक्स्पोर्टचा माल आहे, डोळे झाकून टाका,” म्हणाला. आणि सगळी मेख पुढच्या वाक्यात होती: “स्प्रिंग दाबायची भानगड घरी कशाला? मी जोडूनच पाठवतो, तुम्ही फक्त बोल्ट आवळा.” यातलं अर्धं खरं आहे. दाबलेली स्प्रिंग निसटली तर माणूस जायबंदी होतो. स्प्रिंग दाबून धरणारा चांगला कॉम्प्रेसर नसेल तर त्या कामाला हात लावूच नये. पण हा माणूस त्याच भीतीवर धंदा करत होता. जोडून आलेली वस्तू कुणी उघडत नाही, मग आत काय घातलंय ते कळणार कसं?

बसवताना आम्ही कसर ठेवली नाही. गाडी लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) घेतली, नुसत्या जॅकवर नाही. विशबोनच्या रबरी बुशचे बोल्ट चाकं जमिनीला टेकून वजन आल्यावरच टॉर्क पान्याने आवळले, कारण चाक लोंबत असताना आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हे मुद्दाम सांगतोय. पुढे दुकानदाराने सगळं खापर बसवणीवरच फोडलं.

गाडी उंच दिसायला लागली. मग मोसंबीच्या आंबे बहाराचा माल सुरू झाला आणि गतिरोधकावरून चाक खाली आलं की पुढून ‘खाड्’ आवाज. लोड भरला की तोंड पुन्हा पहिल्यासारखंच बसायचं. डाव्या शॉकअपवर तेलाचा ओघळ आला. अलाइनमेंटवाला म्हणाला, कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, जागेवर येतच नाही.

जालन्यात एक जुने मिस्त्री आहेत, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी कॉम्प्रेसर लावून वरचा नट काढला. माउंटखाली, स्प्रिंगच्या डोक्यावर, लोखंडाची जाड चकती निघाली. गाडीची उंची त्या चकतीची होती! चकतीने स्प्रिंग कडक होत नाही, गाडी नुसती वर उचलली जाते. शिवाय शॉकअपचा दांडा आधीच बराच बाहेर आलेला राहतो, म्हणून चाक लोंबलं की तो शेवटाला जाऊन आदळतो. तोच तो आवाज.

मग चाचांनी स्प्रिंगच्या लाल रंगावर तारेचा ब्रश मारला. खाली काळा रंग, त्याच्याखाली गंजाने खाल्लेले बारीक खड्डे, देवीच्या व्रणांसारखे. अशाच खड्ड्यातून तडा सुरू होतो आणि भरल्या गाडीखाली स्प्रिंग तुटते. जाडी मोजायला व्हर्निअर लावला तर तिची तार माझ्या काढून ठेवलेल्या स्प्रिंगएवढीच, वेढेही तेवढेच. कुठल्यातरी भंगारातल्या गाडीची स्प्रिंग रंगवून मला ‘हेवी ड्युटी’ म्हणून विकली होती.

तारेच्या जाडीला किती महत्त्व आहे ते समजून घ्या. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. वेढे आणि घेर तेच ठेवून 14 मिमीची तार 15 मिमी केली, तरी स्प्रिंग जवळजवळ 32 टक्के कडक होते. म्हणून विकणाऱ्याला तार किती मिमीची आणि वेढे किती, हे आधी विचारा. जो सांगत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

शॉकअपही जुनाच, तेल भरून रंगवलेला. सुटा शॉकअप उभा धरून दांडा दाबून बघा. मध्येच हात मोकळा जात असेल तर आत तेल कमी आहे. गॅसचा असेल तर सोडल्यावर दांडा आपसूक वर यायला हवा. ‘गॅसचा’ म्हणून दिलेला आमचा दाबला तिथेच बसून राहिला.

दुकानदाराला फोन केला तर म्हणतो, “दादा, घरी बसवलं ना, मग वॉरंटी संपली.” बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला, तर नोंदणी रद्द झालेली आणि धंदा कापडाचा. नंबराची सुरुवात महाराष्ट्राच्या 27 नेच होती, त्यामुळे नुसतं तेवढं बघून भागत नाही. लॉगिन न करता कुणालाही हे तपासता येतं. पैसे देण्याआधी तपासा.

मी आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आता जिल्हा ग्राहक आयोगात गेलोय. 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दुकानदाराच्या गावाला खेटे घालावे लागत नाहीत. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत मात्र 2 वर्षांची आहे.

असा माल कुणी आधीच बसवला असेल तर लोड भरू नका. कॉम्प्रेसर असलेल्या मिस्त्रीकडून असेंब्ली उघडून घ्या, उघडतानाचे फोटो काढा. आणि काढलेली स्प्रिंग दुकानदाराला परत पाठवू नका. नंबर ब्लॉक करण्याआधी तो माझ्याही मागे लागला होता, “आधी जुनं पाठवा, मग बदलून देतो.” मी पाठवलं नाही, म्हणून आज आयोगापुढे ठेवायला माझ्याकडे स्प्रिंग आणि चकती दोन्ही आहेत.