तापीकाठची थाळी: चार वाट्या, एक तर्री

चोपड्याहून यावलकडे जाताना अडावद मागे पडले की रस्त्याच्या उत्तर अंगाला, केळीच्या बागेला लागून, पत्र्याच्या छपराची एक खानावळ लागते. बाहेरच्या फलकावर खानावळीच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत ‘तापीकाठची थाळी’ असे रंगवले आहे आणि त्याखाली लेवा, अहिराणी, गुजर व आदिवासी अशा चार घरांची चव एका ताटात देण्याचा दावा केला आहे. २२० रुपयांची ही थाळी मी दोनदा जेवलो. एकदा मार्गशीर्षात आणि एकदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी. शेजारी नांदणाऱ्या समाजांचा स्वभाव ताटात उतरवण्याची ही कल्पना मला मनापासून आवडली, म्हणूनच ती कुठे साधली आहे आणि कुठे नुसती रंगवली आहे, हे जरा सविस्तर लिहितो.

दाव्यासाठी जागा उत्तम निवडली आहे. बऱ्हाणपूर–अंकलेश्वर हा रस्ता तापीच्या उत्तर काठाने, एका हाताला सातपुडा आणि दुसऱ्या हाताला नदी ठेवून जातो. रावेर, फैजपूर, यावल या केळीच्या पट्ट्यात लेवा पाटीदारांची वस्ती दाट आहे, चोपडा आणि शहाद्याच्या बाजूला गुजरांची गावे आहेत, नदी ओलांडून अमळनेर, पारोळा, धुळ्याकडे गेले की कानावर अहिराणी पडते आणि डोंगराच्या पायथ्याला पावरा, भिल्ल व तडवी यांचे पाडे आहेत. इंग्रजांनी १९०६ साली खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले. पण चुलीवरचा फरक पाहायचा असेल तर डोंगराकडून नदीकडे, पाण्याच्या आणि मातीच्या अंगाने चालत यावे लागते. जिथे विहिरीला पाणी आहे तिथली चूल वेगळी आणि जिथे ज्वारी-बाजरी पावसावर पिकते तिथली वेगळी.

थाळीतले सर्वांत सरस अन्न म्हणजे मार्गशीर्षात मिळालेले वांग्याचे भरीत. मालकांच्या आई, ज्यांना सारे गिऱ्हाईक ‘माय’ म्हणतात, त्या स्वतः हे भरीत करतात. वांगी बामणोदकडची, हिरवी-पांढरी, थोराड आणि कमी बियांची. याच जातकुळीच्या जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ही वांगी गॅसवर भाजली तर त्यांची अर्धी किंमत जाते. येथे मागच्या अंगणात कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ करून त्यावर ती भाजतात, साल काढून लाकडी भांड्यात ठेचतात आणि हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात व कोथिंबीर यांच्यापलीकडे त्यात काही घालत नाहीत. गरम मसाला नाही, टोमॅटोही नाही. कापूस वेचून झाला की पऱ्हाटीचे सरपण होते आणि त्याच दिवसांत वांगेही भरात येते. शेतातले काहीच वाया जाऊ न देणाऱ्या लेवा घराचा हिशेबी स्वभाव या एका पदार्थात जितका दिसतो, तितका एखाद्या लेखात मांडता येणार नाही. सोबतची कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली, खरपूस होती आणि गार झाल्यावरही चामट झाली नाही. उन्हाळ्यात भरीत मागणाऱ्या एका पाहुण्यास मायने सरळ नकार दिलेला मी पाहिला. फलकावर बारमाही भरीत लिहिणाऱ्या इतर ठिकाणांच्या तुलनेत मला हा नकार फार मोलाचा वाटला.

अहिराणी बाजू वाढपी मुलांनी राखली आहे, आचाऱ्याने तितकी नाही. वाढणारी तिन्ही मुले अमळनेरकडची आहेत. ‘आखो एक भाकर लई येऊ का?’ असा आग्रह ती इतक्या आपलेपणाने करतात की नको म्हणणे जड जाते. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या इंग्रजकालीन भाषा-सर्वेक्षणात खान्देशी बोलीला, म्हणजे अहिराणीला, भिल्ली बोलींच्या खंडात जागा मिळाली होती, मराठीच्या खंडात नव्हे. या वर्गीकरणाविषयी अहिराणी भाषकांना काय वाटते, हे विचारायला पंगतीत बसण्याइतकी दुसरी चांगली जागा नाही, मात्र भाकरी गार होण्याची तयारी हवी. वरण-बट्टी चांगली होती. बट्टीचे काप तुपात तळून बाहेरून कुरकुरीत आणि आतून मऊ राहिले होते आणि वरणाला लग्नाच्या पंगतीतल्या वरणासारखा दाटपणा होता. शेवभाजीत मात्र गडबड आहे. तिची शेव जाड आणि तिखट हवी, ती रश्श्यात पडल्यावर लगेच विरघळू नये. येथे ती ताट टेबलावर येईपर्यंत लगदा झालेली असते आणि वर बोटभर तेलाची लाल तर्री तरंगत असते.

गुजर घरची म्हणून एक कढी येते. ती बरी आहे, त्याहून अधिक लिहावे असे तिच्यात काही आढळले नाही.

खरी तक्रार चौथ्या वाटीची. थाळीत ‘आदिवासी डाळ’ नावाने उडदाची डाळ आणि मक्याची भाकरी वाढली जाते. पहिली हरकत नावालाच आहे. पावरा, भिल्ल आणि तडवी हे एकमेकांचे शेजारी असले तरी एक नव्हेत. त्यांच्या बोली वेगळ्या, चालीरीती वेगळ्या आणि तडवी तर इस्लाम मानणारे आहेत. लेवा आणि गुजर यांना आपापल्या नावाने ताटात जागा मिळत असेल, तर डोंगरातल्या तिघांची एकच वाटी का, असा प्रश्न पडतो. दुसरी हरकत चवीची. ही डाळ शेवभाजीच्याच काळ्या मसाल्यात शिजवली होती आणि तिच्यावरही तीच तर्री होती. भांडी घासणारा मुलगा पावरा होता. त्याला विचारले तेव्हा त्याने थोडे संकोचून सांगितले की त्याच्या घरी उडदाच्या डाळीत मिरची, लसूण आणि मीठ याशिवाय काही पडत नाही. म्हणजे ज्या घरची डाळ म्हणून ती विकली जाते, त्या घरचा माणूस मोरीपाशी बसलेला असून चुलीपाशी त्याला कोणी विचारले नव्हते. भिंतीवर मात्र धनुष्यबाण घेतलेला तरुण आणि होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारातले ढोल मोठ्या हौसेने रंगवलेले आहेत. मी हे मालकांच्या कानावर घातले, तेव्हा ते हसून म्हणाले, “गिऱ्हाईकाले तर्री लागते ना भो.” त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरून आहे, पण मग फलकावर चार घरांची नावे कशाला?

आखाजीच्या आदल्या दिवशी गेलो तेव्हा भरीत अर्थातच नव्हते. त्याऐवजी आमरस आणि खापरावरची पुरणपोळी होती, आणि या दिवशीचे जेवण मला पहिल्यापेक्षा एका बाबतीत जास्त शिकवून गेले. अंगणात उपड्या खापराभोवती माय आणि पारोळ्याकडची त्यांची विहीण अशा दोघी बसल्या होत्या. पोळी हातावर झेलत किती वाढवायची यावरून त्यांचे चालले होते. एक लेवा गणबोलीत बोलत होती, दुसरी अहिराणीत, आणि दोघींनाही एकमेकींचा शब्द अडत नव्हता. सासुरवाशिणी माहेरी येण्याचा हा सण खान्देशात सगळ्यांचाच, आणि श्रावणातल्या कानबाई देवीचे रोटही असेच घरोघरचे. विहीणबाईंची पोळी अधिक पातळ होती, हे मायसमोर बोलण्याचे धाडस मला झाले नाही. चौथ्या वाटीत मात्र तीच डाळ होती.

बाकी व्यवस्थेविषयी थोडक्यात. बसायला बाकडी आहेत, पाणी माठातले आणि गार, हात धुण्याची जागा स्वच्छ. पैसे रोख किंवा मोबाइलवरून देता येतात. भाकरी, वरण आणि कढी हवी तितकी मिळते, भरीत मात्र दुसऱ्यांदा घेतल्यास ४० रुपये वेगळे पडतात. तिखट कमी हवे असल्यास बसण्यापूर्वीच सांगावे, आणि शेवभाजीची शेव वेगळ्या वाटीत मागून घ्यावी. मुले हसतात, पण आणून देतात. थंडीत रविवारी भरीत दुपारी एकच्या आत संपते, तेव्हा जळगावकडून येणाऱ्यांनी सकाळीच निघालेले बरे.