ब्रेकच्या कामाचे ६,४०० रुपये घेतले, ड्रम उघडलाच नाही

जुनी जीप वापरणाऱ्यांनी हे नीट वाचा. मागच्या दोन चाकांच्या ब्रेकचं काम म्हणून एका गॅरेजवाल्याने माझ्याकडून ६,४०० रुपये घेतले. शू (चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून घासून गाडी थांबवणाऱ्या कमानी) सेट १,९००, शू ढकलणारे दोन व्हील सिलिंडर १,७००, दोन ड्रम लेथवर टर्न केल्याचे, म्हणजे आतून सपाट केल्याचे, ६००, दोन ऑइल सील ४५०, ब्रेक ऑइल ३५०, मजुरी १,४००. यातलं काहीही झालं नव्हतं. बॅकप्लेटमागचे (ड्रममागच्या पत्र्यामागचे) चार एक्सेंट्रिक, म्हणजे शू पुढे-मागे सरकवणारे बोल्ट, पान्याने आवळले आणि गाडी हातात दिली.

गाडी महिंद्राची सीजे थ्री बी. चारही चाकांना ड्रम, पेडलने दाबला जाणारा मास्टर सिलिंडर एकच, ब्रेक ऑइलचं सर्किटही एकच. एका चाकाला गळती लागली की चारही ब्रेक जातात. हे ठाऊक असूनही असं काम करणाऱ्याला काय म्हणायचं?

गाडी घ्यायला गेलो तेव्हा पेडल उंच आणि कडक लागलं, समाधान वाटलं. मग मागच्या चाकापाशी वाकलो. हबच्या मधल्या नटातली, नट सुटू नये म्हणून घातलेली स्प्लिट पिन गंजलेली, तिच्याभोवती ग्रीस आणि मातीचा जुना थर तसाच. या गाडीचा मागचा ड्रम ती पिन काढून, नट सोडून, हबला पुलर (ओढून काढायचं अवजार) लावल्याशिवाय निघत नाही. मी विचारलं, तर उत्तर मिळालं, "साहेब, जुनीच पिन परत घातली, मजबूत आहे." एकदा सरळ केलेली स्प्लिट पिन परत वापरत नाहीत, तिचे पाय वाकवताना तुटतात. हे मला माहीत होतं. आणि घातलीच असती, तर पायांवर ताजा वळ दिसला असता, माती हलली असती. सगळं डोळ्यांसमोर होतं आणि मी खिशातून पैसे काढले. ती पिन आजही नजरेसमोरून हलत नाही.

मी अडाणी म्हणून फसलो असं कुणी म्हणू नये. पुढच्या चाकांचे ब्रेक मी घरीच करतो. पुलर घरी नाही, म्हणूनच गॅरेज गाठलं, आणि तेही दोन ओळखीच्या जीपवाल्यांनी सांगितलं म्हणून. जुने सुटे भाग मागितले तर "भंगारवाला घेऊन गेला" म्हणाले. तिथेच भांडायला हवं होतं. जुने शू, जुने सिलिंडर हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

नुसतं आवळून पेडल उंच कसं होतं, ते समजून घ्या. लायनर, म्हणजे शूवरचा घासणारा थर, झिजला की शू आणि ड्रममधली फट वाढते आणि पेडल खाली जातं. एक्सेंट्रिक फिरवला की शू बाहेर सरकतो, फट मिटते, पेडल वर येतं. लायनर रिबिटपर्यंत संपला असला तरीही. उंच पेडल म्हणजे नवा लायनर नव्हे. योग्य पद्धत अशी: चाक जॅकवर उचलायचं, एका शूचा एक्सेंट्रिक चाक घासेपर्यंत फिरवायचा, मग चाक मोकळं फिरेल इतकाच मागे घ्यायचा, नंतर दुसरा शू. नवे शू टाकले असतील तर ज्यांवर शू टेकतात त्या खालच्या अँकर पिनाही सेट कराव्या लागतात: फट मोजायच्या पातळ पट्टीने (फीलर गेज) शूच्या खालच्या टाचेला पाच थाउ (इंचाचा हजारावा भाग), वरच्या टोकाला आठ थाउ. माझ्या गाडीत चाक घासत असतानाच सोडून दिलं होतं. दहा किलोमीटरवर ड्रमवर पाण्याचा थेंब टाकला, चुरचुरून उडाला. तेव्हाही मी "नवे लायनर बसतायत" अशी स्वतःची समजूत घातली.

नवव्या दिवशी उतारावर पेडल फळीला टेकलं. दुसऱ्या गिअरवर आणून, शेवटी हँडब्रेक ओढून गाडी थांबवली. या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो, ट्रान्स्फर केसमागे (गिअरबॉक्सला जोडलेल्या पेटीमागे) मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टवर असतो, म्हणून तो वाचला. वेगात मात्र तो ओढू नका, सगळा मार शाफ्टच्या जॉइंटवर येतो.

दुसऱ्या मिस्त्रीने माझ्यासमोर पुलर लावला. ड्रमच्या कडेला झिजेची उभी कड तशीच होती. लेथवर गेलेल्या ड्रमला ती राहत नाही. रिबिटची डोकी उघडी पडलेली. डाव्या बाजूला सिलिंडरचं रबर गळत होतं, उजव्या शूला गिअर ऑइलचा उग्र वास, म्हणजे सीलही जुनंच. तेल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुऊन परत लावू नका, गरम झाला की तेल पुन्हा बाहेर येतं. सिलिंडरच्या रबरालाही पेट्रोल-डिझेल लागू देऊ नका, ते फुगतं. आतली धूळ हवेने उडवायची नाही; जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, ओल्या फडक्याने पुसा. हे खरं काम ७,२५० रुपयांत झालं. एकूण १३,६५० गेले.

मग तक्रार. पोलीस ठाण्यात दीड तास बसवून सांगितलं, "हा दिवाणी मामला आहे, समजुतीने मिटवा." जिवावर बेतलं होतं म्हटलं, तर म्हणाले, "अपघात झाला का? नाही ना?" म्हणजे माणूस मेल्यावर यायचं का? परिवहन कार्यालयात एका खिडकीवरून दुसऱ्या, दुसरीवरून तिसऱ्या, आणि तिथे उत्तर की गॅरेजं आमच्या अखत्यारीत येत नाहीत. गाडीची कागदपत्रं मात्र तीनदा तपासली! फिटनेसला ब्रेक नीट नसले तर गाडी परत पाठवतात, आणि तेच ब्रेक बिघडवणाऱ्याला विचारणारं कुणी नाही. दोन दिवसांची रजा त्यातच गेली.

जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, मुदत २ वर्षं. पण माझं बिल कच्चं, जीएसटी क्रमांक नाही, शिक्का नाही. पक्कं बिल आधी ठरवा. ब्रेक ऑइल बदललं म्हणत असतील तर फळीखालच्या मास्टर सिलिंडरचं झाकण उघडून बघा. काळं दिसलं तर बदललेलं नाही. नळ्यांत अडकलेली हवा (एअर) काढताना डावं मागचं चाक पहिलं, चालकाच्या पायाजवळचं उजवं पुढचं शेवटी.

दुसऱ्या मिस्त्रीकडून सही करून घेतलेला कागद, काढलेल्या शूंचे फोटो आणि ती गंजकी पिन पिशवीत घालून ठेवली आहे. आयोगाचा अर्ज सोमवारी देतो आहे.