तिसऱ्या, कालवे, चिंबोऱ्या की कोळंबी: जड धातूंचा विचार करून काय घ्यावे?

बाजारात उभे राहून तिसऱ्यांचा ताजेपणा ओळखणे आपल्याला जमते, परंतु शिसे, कॅडमियम किंवा पारा यांचा पत्ता रंगावरून, वासावरून वा चवीवरून लागत नाही. हे धातू शिजवल्याने नष्ट होत नाहीत, आणि रेती सुटावी म्हणून तिसऱ्या पाण्यात ठेवल्या तरी त्यांच्या मांसात साठलेला धातू निघून जात नाही. त्यामुळे घरात गरोदर स्त्री किंवा लहान मूल असेल, तर निवड खरेदीच्या वेळीच करावी लागते.

तिसऱ्या, शिनाणे आणि कालवे हे शिंपल्यांचे प्रकार, म्हणजे पाणी गाळून त्यातील कणांवर जगणारे जीव आहेत. ते जवळपास एकाच जागी राहतात आणि आपण त्यांना आतड्यांसकट खातो, म्हणून त्या खाडीत जे असेल ते थेट ताटात येते. याच गुणामुळे अमेरिकेच्या किनाऱ्यावर १९८६ पासून शिनाण्यांच्या जातीचे जीव आणि कालवे तपासून प्रदूषणावर लक्ष ठेवले जाते. या गटात कालवे विशेष जपून घ्यावीत असे मला वाटते, कारण ती जस्त आणि तांबे मोठ्या प्रमाणात साठवतात; स्वच्छ पाण्यात तो पोषणाचा लाभ असतो, मात्र दूषित पाण्यात त्यांच्याबरोबर कॅडमियमही साठते.

चिंबोरीचे तसे नाही. तिच्या नांग्यांतील पांढऱ्या मांसात कॅडमियम सहसा कमी असते, आणि ते मुख्यतः कवचाखालच्या तपकिरी, मऊ भागात, म्हणजे पचनग्रंथीत साठते. अनेकांना तोच भाग सर्वांत रुचकर लागतो हे खरे असले, तरी मुलांच्या वाटणीला तो देऊ नये. चिंबोरी अख्खी शिजवल्यास या ग्रंथीतील काही अंश मांसात व रश्श्यात उतरू शकतो, म्हणून तो भाग शिजवण्याआधीच काढावा.

कोळंबीचेही गणित असेच असल्याने डोके आणि काळा दोरा काढून सोललेली कोळंबी, मूळ ठिकाण माहीत नसताना, या चौघांत मला सर्वांत निर्धोक वाटते. सुक्या जिनसांत मात्र सोडे आणि जवळा यांत फरक करावा: सोडे सोललेले असतात, तर जवळा डोक्यासकट खाल्ला जातो, आणि वाळवताना पाणी उडून गेल्यामुळे दर ग्रॅममागे धातूचे प्रमाण वाढते.

प्रमाणाचा अंदाज आकड्यांवरून येईल. युरोपीय महासंघात शिंपल्यांच्या मांसातील कॅडमियमची मर्यादा किलोमागे १ मिलिग्रॅम, तर चिंबोरी-कोळंबीच्या मांसात ०.५ मिलिग्रॅम आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने सर्व अन्न मिळून आठवड्याला शरीराच्या वजनाच्या किलोमागे २.५ मायक्रोग्रॅम एवढेच कॅडमियम सहन करण्याजोगे मानले आहे. म्हणजे तिसऱ्यांचे मांस मर्यादेच्या टोकाला असेल, तर ६० किलो वजनाच्या व्यक्तीचा आठवड्याचा वाटा १५० ग्रॅम मांसातच संपतो, आणि १५ किलोच्या मुलाचा जेमतेम ३८ ग्रॅममध्ये. कॅडमियम मूत्रपिंडात दशकानुदशके राहते. शिवाय शरीरात लोह कमी असले की कॅडमियम अधिक शोषले जाते. देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दिसले असल्याने आपल्याकडे ही बाब किरकोळ मानता येत नाही.

पाऱ्याची काळजी एरवी सुरमईसारख्या मोठ्या शिकारी माशांबाबत अधिक करावी लागते. कवचधारी जिवांत तो साधारणपणे कमी असतो. तरीही जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये जी विषबाधा अधिकृतपणे नोंदली गेली, ती कारखान्याच्या सांडपाण्यातील पाऱ्याने दूषित झालेल्या उपसागरातील मासे आणि शिंपले खाल्ल्यानेच झाली होती. तेव्हा जातीइतकेच ठिकाणही महत्त्वाचे ठरते, आणि शिंपल्यांच्या बाबतीत तर जातीपेक्षाही अधिक. कारखान्यांच्या पट्ट्याला लागून असलेल्या ठाणे खाडीतील तिसऱ्या आणि ज्या खाडीच्या वरच्या अंगाला औद्योगिक वसाहत नाही तेथील तिसऱ्या यांना एकच माल समजू नये.

ओहोटीला चिखलात उतरून शिंपले गोळा करणाऱ्या स्त्रियांचा यात काहीही दोष नाही. पाणी बिघडवणारे दुसरेच असतात. विकणारीला माल कोणत्या खाडीचा हे आदराने विचारावे. ठिकाण कळले आणि ते स्वच्छ असेल, तर तिसऱ्या पंधरवड्यातून एखाद्या वेळी खुशाल घ्याव्यात. कळले नाही तर त्या दिवशी कोळंबी घ्यावी.