'ग्रीन होम' घेताय? आधी खड्ड्याचं झाकण उघडून बघा

ताबा मिळाल्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात आमच्या गेटपाशी गुडघाभर पाणी साचलं. प्लंबरला बोलावलं. त्यानं पावसाचं पाणी जमिनीत मुरवायच्या शोषखड्ड्याचं लोखंडी झाकण उचललं आणि आत वाकून बघतच राहिला. तीन फूट खोल विटांचं बांधकाम आणि तळाला सिमेंटचा गिलावा. बोअर नाही, खडी नाही, वाळू नाही. गच्चीवरून येणारा पाईप तर खड्ड्यापर्यंत पोचतच नव्हता, आधीच वळवून रस्त्याकडेच्या गटारात सोडलेला होता.

"काका, ह्यात पाणी मुरणार कुठून? हा नुसता हौद आहे," तो म्हणाला.

याच खड्ड्याचं सुंदर चित्र ब्रोशरच्या चौथ्या पानावर होतं. पुण्याच्या पश्चिमेकडचा मोठा प्रकल्प, 2021 मधलं बुकिंग. 'प्लॅटिनम ग्रीन होम्स' असं प्रवेशद्वारावरच लिहिलेलं. पावसाचा प्रत्येक थेंब जमिनीत मुरवणार, सांडपाणी शुद्ध करून फ्लशला वापरणार, जिन्यातले दिवे सोलरवर चालणार, असं सेल्स ऑफिसातल्या मुलानं समजावून सांगितलं. शेजारच्या प्रकल्पापेक्षा दर चौरस फुटाला 250 रुपये जास्त होता. आमच्या 700 चौरस फुटांवर पावणेदोन लाख. हिचं माहेर माण तालुक्यातलं, लहानपण टँकरच्या रांगेत हंडा लावण्यात गेलेलं. "आपल्या घरात तरी पाणी वाया जायला नको," एवढंच ती म्हणाली आणि आम्ही जास्तीचे पैसे भरले. त्या वाक्यामुळे हा राग अजून जात नाही.

खड्डा बघितल्यावर सगळ्याचाच संशय आला. गच्चीवर दोन टाक्या होत्या, एक पिण्याच्या पाण्याची आणि एक फ्लशची. प्लंबरनं पाईप शोधत तळघरापर्यंत नेले, तर दोन्ही टाक्या एकाच हौदातून भरत होत्या. एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करण्याचं यंत्र बसवलेलं होतं, पण फ्लशकडे जाणारा पाईप जोडलेलाच नव्हता. म्हणजे एप्रिल-मेमध्ये दिवसाला आठ टँकर विकत घेऊन ते पाणी आम्ही संडासात ओतत होतो. सोलरचे पॅनेल मात्र खरे होते, हेही सांगितलं पाहिजे.

मग कागद काढले. ब्रोशरवरचं 'प्लॅटिनम' हे प्री-सर्टिफिकेशन निघालं. हे आम्हाला आधी कुणी सांगितलं असतं तर! इमारतींना ग्रीन दर्जा देणाऱ्या इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलसारख्या संस्थांकडे नुसती नोंदणी, प्री-सर्टिफिकेशन आणि अंतिम प्रमाणपत्र या तीन वेगळ्या गोष्टी असतात. प्री-सर्टिफिकेशन नकाशे आणि आराखडे बघून मिळतं. इमारत बांधून झाल्यावर पुराव्यानिशी पुन्हा अर्ज करावा लागतो, तेव्हा अंतिम दर्जा ठरतो. आमच्या बिल्डरनं तो अर्ज केलाच नव्हता.

त्याहून जास्त चीड आली ती पुढच्या शोधानं. 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते आणि आमच्या मंजुरीपत्राच्या अटींत एसटीपी, पुनर्वापर, पर्जन्यजल संधारण सगळं होतं. जे करणं त्याच्यावर बंधनकारकच होतं, तेच आम्हाला 'खास सुविधा' म्हणून जादा दरानं विकलं, आणि तेही केलं नाही. वर राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत ग्रीन रेटिंगसाठी 7 टक्क्यांपर्यंत वाढीव एफएसआयची, म्हणजे त्याच भूखंडावर जास्त बांधकामाची, सवलत आहे. तुमच्या प्रकल्पानं ती घेतली आहे का, हे मंजूर नकाशावर बघा.

बिल्डरच्या माणसाचं उत्तर ठरलेलं होतं: "साहेब, ब्रोशर सूचक असतं, करारनामा वाचा." करारनाम्याच्या सुविधांच्या यादीत जिम होती, क्लबहाऊस होतं, फ्लशच्या पाण्याबद्दल अक्षर नव्हतं. सही करताना आम्ही ती यादी ब्रोशरशेजारी ठेवून ताडून बघायला हवी होती. तुम्ही बघा, आणि जे तोंडी सांगितलंय ते यादीत लिहून घ्या. नोंदणीकृत करारनाम्याआधी 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायला रेरा या घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्याची मनाई आहे, म्हणजे ताडून बघायला वेळ हाताशी असतो. पर्यावरण मंजुरीचं पत्र केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर मिळतं. प्रमाणपत्र मागताना 'अंतिम की प्री' आणि 'प्रकल्पाच्या कुठल्या टप्प्याचं' हे दोन्ही विचारा. तयार इमारत असेल तर झाकण उघडायला लावा, एसटीपी चालू करून दाखवायला सांगा, आणि तिथे आधीपासून राहणाऱ्यांना टँकरचं बिल विचारा.

"ब्रोशर सूचक असतं" ऐकून गप्प बसू नका. रेरा कायद्याच्या कलम 12 नुसार खोट्या जाहिरातीवर किंवा माहितीपत्रकावर विसंबून पैसे भरणाऱ्याला नुकसानभरपाई मागता येते. व्यवहारातून बाहेर पडायचं असेल तर व्याजासह पैसे परत मागता येतात. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पर्यावरणाच्या दिशाभूल करणाऱ्या दाव्यांवर स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, त्यात 'इको-फ्रेंडली', 'ग्रीन' असे शब्द पुराव्याशिवाय वापरायला मनाई आहे. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915.

आम्ही 64 कुटुंबांनी मिळून महारेराकडे, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे जायचं ठरवलं. ब्रोशर मात्र बहुतेकांनी घर लावताना रद्दीत दिलं होतं. हिनं आमचं एक कपाटात घडी घालून ठेवलं होतं. चौथ्या पानासकट तेच तक्रारीला जोडलं आहे. खड्डा आम्ही वर्गणी काढून फोडला, बोअर घेतलं, खडी भरली, पाईप वळवला. यंदाच्या जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात ही छत्री घेऊन खाली गेली आणि पाणी आत जाताना बघत बराच वेळ तिथे उभी राहिली.